नंदाताईचा खेळ चालू राहावा म्हणून

पळस फुलला की मी घड्याळाकडे बघायला लागतो. मंगरूळपीरहून आसेगावच्या शाळेकडे जाताना माळावरची झाडं केशरी होऊन गेलेली असतात, लोक गाड्या थांबवून त्यांचे फोटो काढतात, आणि मी मान खाली घालून मोटारसायकल पुढे काढतो. त्याच सुमारास शेतांत हरभरा सोंगला जातो, गव्हाच्या भुशाने घसा खवखवतो, घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि त्यांच्या जाळ्यांतलं गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उकिरड्यावर जातं. मग परीक्षा येतात. परीक्षेची धास्ती मुलांना असते, त्यांच्या आईबापांना असते. मी शिक्षक आहे, पण मला त्या दिवसांत जी धास्ती असते तिचा दहावी-बारावीशी काही संबंध नाही. माझं सगळं चित्त दुपारी चार वाजता माझ्या घरात काय होत असेल याकडे लागलेलं असतं.

चार वाजता घरी चहा होतो आणि माझी मोठी बहीण, नंदाताई, कॉम्प्युटरसमोर बसते. लहानपणी तिला मोठा ताप आला आणि तो डोक्यात गेला, असं आई सांगते. पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी दुसरंच काहीतरी नाव सांगितलं. नाव कोणतंही असो, ताईजवळ शब्द फार थोडे आहेत आणि तिला बदल सोसत नाही. तिचं ताट त्याच कोपऱ्यात लागतं. तिची चादर निळीच असते. एकदा आईने दारातली चप्पल ठेवायची फळी डावीकडून उजवीकडे नेली, तर ताई संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर उभी राहिली आणि आत आली नाही.

आणि तिचा खेळ एकच आहे. माउस लागत नाही, रंग मोजकेच, असा अगदी जुन्या काळचा कॉम्प्युटरचा खेळ. एक टोपीवाला बुटका माणूस खोल विहिरीत शिड्या चढतो-उतरतो आणि तिथले दिवे गोळा करतो. सगळे दिवे हाती आले की वर एक दार उघडतं आणि तो बाहेर पडतो. मग पुढची विहीर. ताई त्याला बाबू म्हणते. बाबू शिडीवरून पडला की ती दोन्ही हात मांडीवर ठेवते, थोडं थांबते आणि पुन्हा सुरू करते. आमच्यापैकी कुणी काही चुकलं तर तिला ते सहन होत नाही. बाबूच्या चुका मात्र ती रोज सहन करते.

तो कॉम्प्युटर घरी आला तोही परीक्षेच्याच दिवसांत. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. गावातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता आणि त्याच्या मालकाने एक जुना संच बाबांना देऊन टाकला. आमची भाजीची बागायत गावाला लागूनच, क्लासच्या मालकाच्या घरी वर्षानुवर्षं आमचीच मेथी नि सांबार, म्हणजे कोथिंबीर, जायचा, एवढाच तो ऋणानुबंध. बाजार उठल्यावर रिकाम्या टोपल्यांमध्ये ओलं बारदान अंथरून बाबांनी तो मॉनिटर बैलबंडीत ठेवला आणि दर खड्ड्याला बंडी थांबवत घरी आणला. कित्येक दिवस त्या पडद्याला मेथीचा वास येत होता. मला वाटलं, आता आपण पुष्कळ शिकणार. प्रत्यक्षात मी त्यात हा खेळ शोधून काढला, आणि पुस्तक मांडीवर उघडं ठेवून खेळत बसलो. ताई मागे उभी राहून बघायची. एके दिवशी तिने माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि एका बटणावर बोट ठेवलं. बाबू शिडी चढला. ताईने पडद्याकडे पाहिलं नाही, तिने आपल्या बोटाकडे पाहिलं.

त्यानंतर मला त्या खुर्चीत जागा मिळाली नाही.

बाबा गेले, माझं लग्न झालं, मुलगी झाली, घराला स्लॅब पडला. या सगळ्यांतून चार वाजताचा खेळ चालत राहिला. कॉम्प्युटर पिवळा पडला, त्याची बटणं तेलकट झाली, आणि आम्ही कुणीच हा विचार केला नाही की यंत्रालाही आयुष्य असतं. घरात रोज चालू असलेल्या गोष्टीबद्दल माणूस कधी काळजी करत नाही. आता मी करतो. आता मला दुसरं काही जमत नाही.

तो मार्च काही वर्षांपूर्वीचा. बारावीचे पेपर चालू होते आणि मला दुसऱ्या गावच्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून नेमलं होतं. केंद्रावर आमचे फोन कार्यालयात जमा करून घेतात. पेपर संपला, गठ्ठे मोजून दिले, फोन हातात आला तेव्हा त्यावर घरून आलेल्या कॉलची रांग लागली होती. मी वर्षाला, माझ्या बायकोला, फोन लावला. तिच्या आवाजामागे एक ठक ठक ऐकू येत होती.

"कॉम्प्युटर जयला," ती म्हणाली. "धूर निघाला. तुमी लवकर या."

"ठोकून कोण राह्यलं?"

"ताई. कपाळ."

घरी पोचलो तेव्हा आई ताईच्या आणि भिंतीच्या मधे उशी धरून उभी होती. आईचं वय तेव्हाच सत्तरीला टेकलेलं. ताई उशीवर कपाळ आपटत होती आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, "बाबू. बाबू. बाबू." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. ती हाक मारत होती.

इरफान माझा शाळेतला सोबती. त्याचे वडील बस स्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करायचे, आता त्याच दुकानात तो कॉम्प्युटर आणि मोबाईल दुरुस्त करतो. मी कॉम्प्युटरचा तो डबा मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने झाकण काढलं, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि फुंकर मारली. उडालेल्या धुळीत आमच्या घरचा अगरबत्तीचा वास होता.

"बोर्ड गेला, भाऊ," तो म्हणाला. "हे पाह्य, सारे कॅपॅसिटर फुगले. असा बोर्ड आता भेटत नाई."

"खेळ?"

"तो डिस्कमंदी हाय. डिस्क फिरून राह्यली, पण आवाज चांगला नाई तिचा." त्याने ती हार्ड डिस्क कानाशी धरली, त्याचे वडील घड्याळ धरायचे तशी. "आधी जे निघते ते काढून घेऊ. मंग पाहू."

दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्याने ती नक्कल करायला लावली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मधेच डिस्कमधून टक टक येई आणि पट्टी थांबे. दुकानात गिऱ्हाईक आलं तर इरफान नुसता हात वर करून त्याला थांबवायचा. शेवटी खेळाच्या सगळ्या फाइली निघाल्या. थोड्याच वेळात ती डिस्क बंद पडली आणि पुन्हा कधी फिरली नाही. नक्कल लावायच्या आधी आम्ही चहा प्यायला बाहेर गेलो असतो तर?

फाइली मिळाल्या म्हणजे खेळ मिळाला, असं मला वाटलं होतं. नव्या लॅपटॉपवर त्या उघडल्या तर एक चौकट आली की हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. इरफानने सांगितलं की जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारे प्रोग्रॅम मिळतात, फुकट मिळतात. नव्या यंत्राच्या पोटात ते एक जुनं यंत्र उभं करतात आणि खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. त्याने त्यातला एक उतरवून घेतला, आणि पडद्यावर ती विहीर आली, शिड्या आल्या, बाबू आला. मी इरफानच्या पाठीवर थाप मारली आणि लॅपटॉप घेऊन तसाच घरी पळालो.

ताईला समोर बसवलं. मी बटण दाबून दाखवलं मात्र, बाबू विजेसारखा सुटला आणि कड्यावरून खाली पडला. पुन्हा तेच. नवं यंत्र इतकं जलद होतं की बाबूला चालताच येत नव्हतं. ताईने लॅपटॉप उचलला आणि जमिनीवर ठेवला. फेकला नाही. जेवणात खडा निघावा तसा बाजूला काढून ठेवला, आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

तिथून पुढचे दिवस मला एकात एक मिसळलेले आठवतात. दुपारी तापलेला रस्ता, वर्गात पंख्याचा कटकट आवाज, उत्तरपत्रिकांवर वाकलेल्या माना, आणि कार्यालयातल्या त्या पेटीत पडलेला माझा फोन. आता घरी काय चाललं असेल, याचाच विचार. मुलं पुरवणी मागायची, मी द्यायचो, सही करायचो. एका मुलीने मला विचारलं, "सर, तुमाले बरं नाई काय?" परीक्षा तिची होती आणि चेहरा माझा उतरलेला होता.

पेपर सुटला की मी इरफानच्या दुकानात जायचो. त्याने खेळाचा वेग कमी केला. किती कमी, हे कुणाला माहीत? मी आठवून आठवून सांगायचो, अजून थोडा हळू, नाही, एवढा नाही. वेग जमला तर लक्षात आलं की रुंद पडद्यावर बाबू आडवा पसरलाय. ताईने त्याच्यावर दोन्ही तळहात ठेवून त्याला झाकलं होतं. मग इरफानने दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घालून बाबूला पुन्हा सडपातळ केलं. त्यानंतर आवाज. जुन्या यंत्रात दिवा उचलताना जो जाडसर कर्कश आवाज यायचा, तो लॅपटॉपमधून बारीक नि गोड यायचा. त्यानंतर बटणं. लॅपटॉपची चपटी बटणं ताई दाबतच नव्हती, म्हणून जुना पिवळा कीबोर्ड एका जोडणीने लावून दिला.

प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं, आता झालं. प्रत्येक वेळी ताई खुर्चीत बसायची, डावा तळहात टेबलावर पालथा ठेवायची, बघत राहायची, आणि मग उठून जायची.

ती जेवत नव्हती. आई तिच्या मागे वरणभाताचा घास घेऊन फिरायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ताईचं डोकं आपटणं थांबलं, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली आणि ती आम्हाला ओळखते की नाही हेच कळेना. मामा येऊन गेले. त्यांना वाईट वाटत होतं, त्यांच्या मनात कपट नव्हतं. म्हणाले, "अमरावतीकडे अशा लोकाईले ठेवाची जागा हाय. तुहं वय झालं, बाई. किती दिवस पुरशील तू?"

आई तेव्हा ताईच्या केसांना तेल लावत होती. तिने हात थांबवला नाही. "मी पुरन तोवर पुरन," ती म्हणाली. "मंग पुढचं हा पाहीन." आणि माझ्याकडे बोट केलं.

मी मान हलवली. पण आतून मी हादरलो होतो. एका खेळावर घर उभं आहे आणि तो खेळ ज्या यंत्रासाठी बनवला होता ते यंत्र जगात राहिलं नाही, हे मामांना कसं सांगणार? आणि सांगून तरी काय?

त्या दिवसांत मी इंटरनेटवर फार भटकलो. मला वाटलं होतं, असल्या जुन्या खेळांच्या मागे लागलेला मी एकटाच वेडा. पण कुठल्या कुठल्या देशांतली माणसं हेच करत बसली होती. जुन्या खेळाचा आवाज जसाच्या तसा यावा म्हणून कुणी महिनोनमहिने खपलेलं, कुणी वेग मोजण्याची युक्ती लिहून ठेवलेली. माझ्यासारखाच प्रश्न कुणीतरी फार पूर्वी विचारला होता आणि कुणीतरी त्याला सविस्तर उत्तर दिलं होतं. उत्तर देणाऱ्याला मंगरूळपीर कुठे आहे ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. बहुतेकांना आपलं बालपण परत हवं होतं. मला ताईचा आजचा दिवस हवा होता. तरी मी त्या अनोळखी माणसांची उत्तरं मोठ्याने वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि इरफान स्क्रू पिळता पिळता ऐकायचा.

शेवटी तो म्हणाला, "आपून नवं यंत्र जुन्या डब्यातच बसवू. बटण तेच, डबा तोच, स्पीकर आत. तिच्या पायाशी आवाज येईन, पयले यायचा तिथूनच." आणि त्याने तसं केलं. जुना मॉनिटर अजून चालत होता, तोही जोडला. घरात सगळं पूर्वीसारखं मांडलं. मी स्वतः ते बटण दाबलं. खेळ आला. ताई बसली, तळहात टेबलावर ठेवला, बघत राहिली. बाबू विहिरीच्या काठावर उभा. ताई हलेना. मग ती उठली.

इरफान भिंतीला टेकून खाली बसला. "अजून काय पायजे तिले?" त्याचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता.

तेव्हा वर्षाला तिच्या जुन्या फोनमधला एक व्हिडिओ आठवला. कुठल्याशा दिवाळीत तिने फराळाची ताटं काढता काढता ताईचा खेळ टिपला होता. आम्ही चौघं त्या छोट्या पडद्यावर वाकलो. ताई येते. कुणीतरी डब्याचं बटण दाबतं. काळा पडदा. ताई खुर्चीत बसते, तळहात टेबलावर ठेवते. मागे माझी मुलगी चकली मागतेय. विहीर दिसते, बाबू दिसतो, ताई खेळायला लागते. तेच तर आम्ही केलं होतं.

"पुन्हा लावा," वर्षा म्हणाली. आणि पुन्हा. मग तिने सगळ्यांना गप्प बसवलं आणि फोन कानाला लावला. "हे आयका. खेळाच्या आधी."

चकलीच्या हट्टाखाली दबलेला, अगदी छोटा एक आवाज होता. जुना कॉम्प्युटर चालू झाला की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर वाढत जायचे आणि ते थांबले की डब्यातून एकदा 'टी' वाजायचं. मग खेळ. तो आवाज आम्ही इतकी वर्षं ऐकला होता की ऐकणं सोडून दिलं होतं. व्हिडिओत 'टी' वाजतं आणि त्याच क्षणी ताईचा तळहात टेबलावरून उचलला जातो.

ती थांबून राहिली होती. रोज, प्रत्येक वेळी, ती त्या आवाजाची वाट बघत होती, आणि आम्ही तिच्यासमोर वेग, पट्ट्या, बटणं असं काय काय मांडत होतो.

इरफानने दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. खेळाच्या आधी एक काळा पडदा, वाढत जाणारे खोटे आकडे, आणि शेवटी तो एक आवाज, एवढं त्याने जोडून दिलं. चार वाजता चहा झाला. डब्याचं बटण दाबलं. आकडे वाढत गेले. आई देवघराच्या दाराला धरून उभी होती. टी वाजलं. ताईचा हात उचलला गेला, पिवळ्या कीबोर्डवर गेला, आणि बाबू पहिली शिडी चढला.

आईने आत जाऊन गॅसवर भाताचं पातेलं चढवलं. इरफानने शर्टच्या बाहीने तोंड पुसलं आणि मला म्हणाला, "याची नक्कल काढून ठेव. दोन काढ." त्या संध्याकाळी ताईने वरणभात मागून घेतला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माझ्या मनाने घेतलेली धास्ती मात्र कायमची राहिली. त्या खेळाची एक नक्कल माझ्या कपाटात आहे, एक इरफानच्या दुकानात, तिसरी वर्षाच्या माहेरी, धनजला, तांदळाच्या कोठीमागे. त्या यंत्राला मी इंटरनेट लावू देत नाही, कारण एकदा नवं अपडेट शिरलं की उद्या काय चालेल नि काय नाही, कुणी सांगावं. दर वर्षी परीक्षा लागण्याआधी मी झाकण उघडून धूळ काढतो, कॅपॅसिटर फुगलेत का बघतो. जुना मॉनिटर दुपारच्या उन्हात कधी कधी थरथरतो. तो गेला तर दुसरा कुठून आणू? इरफानने दोन जुने मॉनिटर भंगारातून उचलून ठेवलेत, पण तेही म्हातारेच. आणि यंत्राचं एकवेळ जमेल. आई आता काठी घेऊन चालते. माझंही बी.पी. वर्षभरापूर्वी वाढलेलं निघालं. एखादा दुखणेकरी जसा नाडी बघतो, तसा मी दुसऱ्या खोलीतून चारचा आवाज ऐकत असतो.

याच काळजीपोटी इरफानने तो खेळ एका जुन्या मोबाईलवरही बसवून दिला होता. "लाइन गेली तर कामी येईन." ताईने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. काचेवर बोट फिरवून बाबू चालतो हे तिला मान्यच नव्हतं. आम्ही फोन तिच्या हातात दिला की ती तो पालथा करून ठेवायची. शेवटी तो कपाटात गेला.

यंदाच्या परीक्षांत एका संध्याकाळी वादळ आलं. गारा पडल्या, संत्र्याचा बहर झडला, विजेचे खांब आडवे झाले. सकाळी लाइन नव्हती. घरातला इन्व्हर्टर दुपारपर्यंत कसाबसा पुरेल असं वाटत होतं. मला दुपारच्या पेपरला जायचंच होतं.

"तुमी जा," वर्षा म्हणाली. "मी हाय ना."

वर्गात पंखे बंद होते. मुलं रुमालाने हात पुसून लिहीत होती, तरी कागद ओले होत होते. चार वाजून गेले तेव्हा मी खिडकीशी उभा होतो. मला त्या उन्हात ठक ठक ऐकू यायला लागली. खरी नव्हती, शेजारच्या शेतात कुणीतरी खुंट ठोकत होतं. पेपर संपला, गठ्ठे दिले, फोन घेतला. वर्षाचे कॉल होते. इरफानचेही होते. त्यानंतर काही नव्हतं. मी लावला तर लागेना, टॉवरही बंद पडले असावेत.

रस्ताभर मोडलेल्या फांद्या होत्या. मी कशी गाडी चालवली ते मला आठवत नाही. उशी धरलेले आईचे हात, लाळ गळणारा तो चेहरा, हेच डोळ्यांपुढे येत होतं. घरासमोर इरफानची स्कूटर दिसली. दार सताड उघडं. आत कुणी नाही. कॉम्प्युटर बंद, काळा, त्याच्यासमोर रिकामी खुर्ची.

मी मागच्या अंगणात धावलो.

आंब्याखाली बाज टाकली होती. ताई बाजेवर मांडी घालून बसली होती, मांडीवर तो पिवळा कीबोर्ड. समोर स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता आणि दोघांच्यामध्ये एक वायर गेली होती. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून इरफान खोक्याचा पुठ्ठा धरून उभा होता. रमजान चालू होता, त्याचा रोजा होता, ओठ कोरडे पडले होते. वर्षा आईला धरून पायरीवर बसली होती.

"इन्व्हर्टर बंद पडल्यावर हिनं कपाळ टेकवलं होतं भिंतीले," वर्षा हळूच म्हणाली. "मले वाटलं, तिचं भांडण काचेशी हाय, बाबूशी नाई. तिचाच कीबोर्ड जोडता येते काय म्हणून इरफानभाऊले विचारलं."

"वायर गवसाले टाइम लागला," इरफान म्हणाला. "टी वाजते बरं का याच्यातबी. ते मी आधीच टाकलं होतं."

"तू बस. मी धरतो पुठ्ठा," मी म्हणालो.

"राहू दे. हिचा डाव मोडन. इफ्तारीले अजून टाइम हाय."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग ती बाजेवर थोडी सरकली. इतक्या वर्षांत खेळताना तिने कधी कुणाला शेजारी बसू दिलं नव्हतं. मी बसलो. बाबू विहिरीत खोल उतरला होता. तो दिवा उचलत होता, शिडी चढत होता, आणि मी पडद्याच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे बॅटरीची खूण लाल झाली होती. आता हा बंद पडला तर? इरफानकडे पॉवर बँक असेल का? लाइन कधी येईल?

ताईने एक हात कीबोर्डवरून काढला. माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड विहिरीकडे वळवलं.

"पाह्य," ती म्हणाली.

वर दार उघडलं होतं.